गॅप असूनही २,८६९ डॉलर : टोटल झालेल्या एका गाडीचा हिशोब

अमेरिकेत कर्जावर घेतलेली गाडी अपघातात टोटल झाली, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही इतकी मोडली, की विमा कंपनी गाडीची त्या दिवशीची बाजारकिंमत देते, आणि बँक मात्र आपले सगळे येणे मागते. नव्या गाडीची किंमत शोरूमच्या दाराबाहेर पडताच घसरू लागते, कर्ज मात्र हप्त्याहप्त्याने सावकाश उतरते. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे दुसरी रक्कम पहिलीपेक्षा मोठी असणे हे नवलाचे नाही. हे अंतर भरून काढण्यासाठी जे संरक्षण विकले जाते त्याला सगळे जण ‘गॅप’ म्हणतात. मूळ नाव ‘गॅरंटीड ॲसेट प्रोटेक्शन’. माझ्या भाच्याने ते घेतले होते, त्याचे ९०० डॉलर मोजले होते, दावाही मंजूर झाला, आणि तरीही शेवटी त्याला २,८६९ डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागले. कोणी त्याला फसवले असे मला वाटत नाही. जे झाले ते त्याने सही केलेल्या कागदांत आधीपासून लिहिलेले होते. ते कागद कसे वाचायला हवे होते, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

भाचा आणि त्याची बायको न्यू जर्सीत राहतात. २८ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी रूट २०६ वर त्याच्या गाडीसमोर हरीण आले. न्यू जर्सीत ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ असतो आणि तेव्हा ती रस्त्यावर सैरावैरा येतात, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्याला स्वतःला काही झाले नाही; गाडीचा पुढचा भाग आत गेला आणि दोन्ही एअरबॅग उघडल्या. आठवड्याभराने ॲडजस्टरचा, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या माणसाचा, फोन आला आणि मग भाच्याचा मला : “मामा, गाडी टोटल झाली. पण गॅप आहे ना, म्हणजे बँकेचं सगळं मिटलं ना?” मी म्हणालो, “कागद घेऊन ये.”

खरेदीच्या दिवशीचा कागद

गाडी एप्रिल २०२३ मध्ये घेतलेली. या प्रकरणात सगळ्यात बोलका कागद अपघाताच्या वेळचा नाही, खरेदीच्या दिवशीचा आहे : हप्त्याने विक्रीचा तो लांबच लांब करारनामा, ज्यात एकामागून एक रकमा उतरत जातात आणि तळाशी ‘एकूण कर्जाऊ रक्कम’ येते. आम्ही तो टेबलावर पसरला आणि मी पेन्सिलीने ओळी वेगळ्या केल्या. गाडीची किंमत ३६,००० डॉलर, कंपनीने गाडीवर लावलेल्या किमतीच्या स्टिकरवर होती तेवढीच. विक्रीकर, नोंदणी आणि डीलरचे कागदपत्र-शुल्क मिळून २,५०० डॉलर. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के असला तरी जुनी गाडी बदल्यात दिली की तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो, म्हणून हा आकडा तसा आटोक्यात राहिला. वाढीव वॉरंटी २,६०० डॉलर. गॅप ९०० डॉलर. आणि त्याखाली एक ओळ, जिच्यावर त्याने त्या दिवशी नजरही टाकली नव्हती : जुन्या गाडीच्या कर्जाची शिल्लक, ५,५०० डॉलर.

जुन्या गाडीवर १५,५०० डॉलरचे कर्ज उरले होते आणि डीलरने ती १०,००० ला घेतली. फरकाचे ५,५०० डॉलर कोणीतरी भरायलाच हवे होते. ते नव्या कर्जात मिसळले गेले. डीलरशिपमधल्या भाषेत याला ‘रोल इन’ म्हणतात आणि ते इतक्या सहजपणे होते की गिऱ्हाइकाला आपण दुसऱ्याच गाडीचे कर्ज या गाडीच्या नावावर काढले याची जाणीवही राहत नाही. सगळ्याची बेरीज ४७,५०० डॉलर झाली. त्यातून रोख भरलेले १,००० वजा करून ४६,५०० डॉलरचे कर्ज, व्याज ६.९ टक्के, मुदत ७२ महिने, हप्ता ७९० डॉलर ५५ सेंट. फायनान्सच्या टेबलावर बोलणे झाले ते फक्त हप्त्यावर. “महिन्याला आठशेच्या आत बसवून देतो,” असे त्याला सांगितले गेले आणि ते खरेही होते.

म्हणजे ३६,००० च्या गाडीवर ४६,५०० चे कर्ज. कर्जाचे गाडीच्या किमतीशी प्रमाण १२९ टक्के. पुढे जे झाले त्याची सुरुवात या आकड्यात आहे.

गॅपचा स्वतंत्र करार चार पानी होता. पहिली लक्षात घेण्याची गोष्ट ही की डीलरकडे मिळणारे गॅप बहुधा विमा नसते. ते ‘वेव्हर’ असते, म्हणजे गाडी टोटल झाली किंवा चोरीला गेली तर ठरावीक हिशोबाने येणाऱ्या रकमेवर आपण पाणी सोडू, असे कर्ज देणाऱ्याने दिलेले वचन. डीलर ते विकतो, कर्जाबरोबर ते बँकेकडे जाते आणि दाव्याचे काम बहुतेक वेळा तिसरीच कंपनी पाहते. दुसरी गोष्ट अशी की हे ऐच्छिक असते. कर्जाच्या अटी ग्राहकाला स्पष्ट दाखवण्याचा १९६८ चा जो संघीय कायदा आहे, त्याच्या नियमांनुसार असे शुल्क व्याजखर्चात न धरता वेगळे दाखवायचे असेल, तर ते सक्तीचे नाही हे लेखी सांगावे लागते, रक्कम दाखवावी लागते आणि ग्राहकाची त्यावर स्वतंत्र सही किंवा आद्याक्षरे घ्यावी लागतात. भाच्याची आद्याक्षरे तिथे होती. “हे घेतलं तरच बँक कर्ज देते, असं मला वाटलं होतं,” तो म्हणाला. तसे कोणी म्हटले होते का, हे त्याला आठवेना.

त्या चार पानांत तिसऱ्या पानावर ‘व्याख्या’ होत्या आणि दाव्याचा सगळा निकाल तिथेच लागला. कर्जाची शिल्लक म्हणजे काय? बँकेच्या खात्यावर दिसते ती नव्हे, तर सगळे हप्ते वेळच्या वेळी भरले असते तर अपघाताच्या दिवशी जी उरली असती ती. कमाल प्रमाण किती? गाडीच्या स्टिकर-किमतीच्या १२५ टक्के. त्यावरचे कर्ज संरक्षणाबाहेर. डिडक्टिबल, म्हणजे विम्याच्या दाव्यात गाडीमालकाने स्वतः सोसायची रक्कम? पाचशे डॉलरपर्यंत भरून मिळणार. वगळलेले काय? थकलेले हप्ते, पुढे ढकललेले हप्ते, विलंबशुल्क, अपघातानंतरचे व्याज, आणि वॉरंटीसारख्या रद्द करता येणाऱ्या करारांचा परतावा, मग तो ग्राहकाने मागून घेतलेला असो वा नसो.

विमा कंपनीचा आकडा

हरणाची धडक ‘कोलिजन’ म्हणजे टकरीच्या विम्यात मोडत नाही, चोरी किंवा प्राणी अशा इतर कारणांसाठीच्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ विम्यात मोडते, भाच्याकडे दोन्ही होते आणि डिडक्टिबल १,००० डॉलर होते. दुरुस्तीचा अंदाज १९,८०० डॉलर आला. मोडकी गाडी लिलावात ८,९०० ला जाईल असे कंपनीने धरले. या दोहोंची बेरीज २८,७०० झाली आणि गाडीची अपघातापूर्वीची किंमत कंपनीच्या मते २६,४०० होती. दुरुस्त करणे परवडत नाही, म्हणून टोटल. गाडी अगदी चेंदामेंदा झालेली असावी लागते असा अनेकांचा समज असतो, पण हा निर्णय गणिताने होतो.

ही २६,४०० ची किंमत आली कुठून? विमा कंपन्या बाहेरच्या मूल्यांकन संस्थांकडून अहवाल मागवतात, ज्यात आसपास विकायला असलेल्या तशाच गाड्या घेऊन चाललेले मैल, साधने आणि स्थिती यांनुसार बेरजा-वजाबाक्या केलेल्या असतात. हा अहवाल मागितला की मिळतो आणि तो ओळ न् ओळ वाचावा. आमच्या अहवालात गाडीचे मॉडेल खालच्या श्रेणीचे लिहिले होते आणि काचेच्या छताचे पॅकेज गायब होते. खरेदीच्या वेळचे स्टिकर भाच्याने सुदैवाने जपून ठेवले होते. ते, आणि त्याच श्रेणीच्या तीन गाड्यांच्या जाहिराती असे जोडून पत्र लिहिले. दोन आठवडे ई-मेलांची देवाणघेवाण झाल्यावर किंमत २७,३०० झाली. न्यू जर्सीच्या नियमांप्रमाणे त्यावर विक्रीकर मिळाला, १,८०९ डॉलर. एकूण २९,१०९; त्यातून डिडक्टिबल वजा जाऊन २८,१०९ डॉलर. हा चेक १२ डिसेंबरला थेट बँकेकडे गेला, कारण पॉलिसीवर पहिला हक्क बँकेचा नोंदलेला असतो.

नऊशे डॉलर आणि वर कर वाढवून घेतल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो. त्या खुशीत किती अर्थ होता, ते पुढे येईल.

दरम्यान एक चूक झाली, आणि ती या प्रसंगातले बहुतेक लोक करतात. गाडी गेली, आता हप्ता कसला, असे समजून भाच्याने नोव्हेंबरचा हप्ता भरला नाही. कर्जाचा करार गाडीच्या असण्या-नसण्यावर चालत नाही. विम्याचा चेक खात्यात जमा होईपर्यंत हप्ता देय असतो आणि व्याज रोजच्या रोज चढत असते. त्याच्या कर्जावर ते दिवसाला ७ डॉलरच्या थोडे वर होते. मला हे विचारायचे आधी सुचले असते तर बरे झाले असते. मी अहवालात गुंतलो होतो.

आणि जूनमधला एक हप्ता आधीच मागे राहिलेला होता. तेव्हा त्याची नोकरी गेली होती, नवी लागायला पाच आठवडे गेले आणि बँकेने एक हप्ता कर्जाच्या शेवटी नेऊन ठेवला. बँकेने परवानगी दिली, दंड लावला नाही, क्रेडिटवर डाग आला नाही. म्हणून तो विषय त्याच्या दृष्टीने संपला होता. गॅपच्या दृष्टीने तो संपलेला नव्हता.

गॅपचे पत्र

दाव्यासाठी बरीच कागदपत्रे लागली : गॅपचा करार, कर्जाचा करार, बँकेकडून हप्त्यांचा पूर्ण इतिहास, विमा कंपनीचे तडजोडपत्र आणि मूल्यांकनाचा अहवाल, चेकची प्रत, पोलिसांचा अहवाल आणि वॉरंटी रद्द केल्याचा पुरावा. ती पाठवण्याला करारात मुदत दिलेली असते आणि ती चुकली तर उत्तम दावाही बाद होतो. आम्ही मुदतीत होतो. जानेवारीच्या अखेरीस पत्र आले : मंजूर, ५,१०० डॉलर.

भाच्याने बँकेच्या खात्यावर पाहिले तर १२ डिसेंबरला विम्याचा चेक जमा झाल्यावर ९,६८७ डॉलर उरलेले दिसत होते. त्याचा पहिला समज असा की गॅप कंपनीने निम्मे पैसे दाबले. पत्राच्या मागे हिशोबाचा तक्ता होता. तो समजायला आम्हांला एक संध्याकाळ लागली.

वेळापत्रकाप्रमाणे अठरा हप्त्यांनंतर शिल्लक ३६,६०८ डॉलर असायला हवी होती. मूळ कर्ज ४६,५००, पण संरक्षण ३६,००० च्या १२५ टक्क्यांपर्यंत म्हणजे ४५,००० पर्यंतच. म्हणून त्याच प्रमाणात शिल्लकही कापली गेली आणि ३५,४२७ धरली गेली. त्यातून विम्याची डिडक्टिबलपूर्वीची रक्कम २९,१०९ वजा केली : ६,३१८. डिडक्टिबलचे ५०० मिळवले : ६,८१८. वॉरंटीचा परतावा १,७१८ वजा केला, आणि राहिले ५,१००. कुठेही चूक नव्हती. मी तीनदा तपासले, कारण चूक सापडावी अशी माझी इच्छा होती.

वॉरंटीचे १,७१८ डॉलर हे मात्र खरोखर त्याचेच होते. सहा वर्षे किंवा ७५,००० मैल यांची ती वॉरंटी चोवीस हजार मैलांवर रद्द झाली, न वापरलेल्या ६८ टक्के भागाचे १,७६८ झाले, त्यातून रद्द करण्याचे ५० डॉलर गेले. पत्र लिहून मागितले नसते तर ते मिळाले नसते आणि गॅपने तरीही वजा केले असते. ते बँकेत जमा झाल्यावर, आणि मधल्या दिवसांचे किरकोळ व्याज बाजूला ठेवले तर, उरले २,८६९.

हे २,८६९ डॉलर कशाचे बनलेले आहेत ते पाहणे महत्त्वाचे आहे, कारण त्यात एकही सेंट गूढ नाही. १,१८१ डॉलर १२५ टक्क्यांच्या वरच्या कर्जाचे. ८०९ जूनमध्ये ढकललेल्या हप्त्याचे, व्याजासह. ५०० डिडक्टिबलचा उरलेला निम्मा भाग. ३३९ ऑक्टोबरच्या हप्त्यापासून विम्याचा चेक येईपर्यंतचे व्याज. आणि ४० नोव्हेंबरच्या न भरलेल्या हप्त्याचे विलंबशुल्क. पहिला तुकडा सगळ्यांत मोठा आहे आणि तो खरेदीच्या दिवशी, पहिला मैल चालवण्यापूर्वीच तयार झाला होता.

गॅपबद्दल गैरसमज होतो तो इथेच. लोक धरून चालतात की ‘देणे वजा मिळालेले’ हा जो फरक असेल तो गॅप देते. प्रत्यक्षात गॅप दोन कागदी आकड्यांमधला फरक देते. एका टोकाला करारातली आदर्श शिल्लक असते, जिच्यात तुमची अडचण, तुमचा उशीर आणि तुमच्या आधीच्या गाडीचे ओझे यांना जागा नसते किंवा मर्यादित जागा असते. दुसऱ्या टोकाला विमा कंपनीने ठरवलेली किंमत असते. गाडीची किंमत घसरल्यामुळे पडलेले अंतर गॅप भरते. कर्जदाराने बरोबर आणलेले अंतर ते भरेलच असे नाही. काही करारांत प्रमाणाची मर्यादा १५० टक्के असते आणि तसा करार असता तर ते १,१८१ डॉलर वाचले असते. काही करार उलट जुन्या कर्जाची शिल्लक पूर्णच वगळतात, आणि तसा असता तर नुकसान कितीतरी मोठे झाले असते. तेव्हा ‘गॅप आहे का’ या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर फार काही सांगत नाही.

आता माझ्या त्या नऊशे डॉलरकडे. तक्ता पुन्हा पाहताना मला हसू आले, पण ते फारसे आनंदाचे नव्हते. विमा कंपनीने जास्त दिले की गॅप तेवढेच कमी देते. सूत्रात ती रक्कम सरळ वजा होते. मी भांडून मिळवलेले ९०० आणि त्यावरचा साठ डॉलर कर यांचा फायदा भाच्याला एका सेंटचाही झाला नाही, तो गॅप देणाऱ्याला झाला. उलट ती दोन आठवड्यांची देवाणघेवाण चालू असताना बँकेचे व्याज दिवसाला सात डॉलरने चढत होते आणि ते गॅपमध्ये बसत नव्हते. म्हणजे माझ्या चिकाटीची किंमत त्याने शंभरेक डॉलर मोजली. तरीही किंमत वाढवून मागणे चूक होते असे मी म्हणणार नाही. गॅपचा दावा मंजूर होईल याची तेव्हा खात्री नव्हती, आणि तो फेटाळला गेला असता तर तेच ९६० डॉलर त्याच्या खिशातून गेले असते. मात्र नोव्हेंबरचा हप्ता भरत राहून हे करायला हवे होते. आणि कराराचे तिसरे पान मी आधी वाचायला हवे होते.

गॅपचे पैसे मिळाले नसते तर त्याला ७,९६९ डॉलर भरावे लागले असते, म्हणजे ९०० खर्चून ५,१०० मिळाले. या एका प्रकरणात सौदा फायद्याचाच ठरला, हे मान्य करायला हवे. पण आणखी एक आकडा मी त्याच्यासमोर ठेवला. जुन्या गाडीची शिल्लक मिसळली नसती आणि गॅपही घेतले नसते, तर कर्ज ४०,१०० चे झाले असते, आणि हप्ते वेळेवर गेले असते तर याच अपघातात वॉरंटीचा परतावा धरून सुमारे १,७४३ डॉलर कमी पडले असते. गॅप घेऊनही भरावे लागले त्यापेक्षा कमी. अर्थात ते ५,५०० डॉलर जुन्या बँकेला कुठून तरी द्यावेच लागले असते. भाच्याने लगेच ते बोट ठेवून दाखवले, आणि त्याचे बरोबर होते. जुनी गाडी आणखी दीड-दोन वर्षे चालवणे हा खरा पर्याय होता, पण त्यावर बोलायची ती वेळ नव्हती.

लीजवरची दुसरी गाडी

हे सगळे ऐकत बसलेली भाचेसून मध्येच म्हणाली, “मामा, माझ्या गाडीला तर गॅप घेतलेलंच नाही. मग माझं काय होईल?” तिची गाडी तीन वर्षांच्या लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर होती. लीजचा करार काढला आणि ‘एकूण नुकसान’ या शीर्षकाखालचा परिच्छेद तिलाच वाचायला सांगितला. हप्ते चालू असतील, अटींप्रमाणे विमा असेल आणि विम्याचे पैसे कंपनीला मिळाले असतील, तर उरलेली तफावत कंपनी मागणार नाही, असे तिथे स्पष्ट होते. बहुतेक लीजमध्ये गॅप असे आधीच विणलेले असते, कारण गाडीची मालक कंपनीच असते आणि तीन वर्षांनी गाडीची किंमत किती उरेल हा अंदाजही तिचाच असतो. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. परिच्छेद वाचल्याशिवाय धरून चालू नये. तो असताना डीलरकडून वेगळे गॅप घेणे म्हणजे एकाच छत्रीचे दोनदा पैसे देणे.

पण त्या करारात दुसरी एक रक्कम होती, जिच्याकडे तिचे लक्ष गेले नव्हते. महिन्याचा हप्ता कमी यावा म्हणून तिने सुरुवातीला ३,००० डॉलर रोख भरले होते. कर्जावरच्या गाडीत असे भरलेले पैसे देणे कमी करतात आणि अंतर लहान करतात. लीजमध्ये ते आगाऊ भाडे असते. पहिल्या महिन्यात गाडी टोटल झाली तर लीज कंपनीचे भागते, देणे मिटते आणि ३,००० मात्र गेलेले असतात. गॅप ते परत देत नाही, विमाही देत नाही. विम्याची रक्कम लीज मिटवून वर उरली तरी अनेक करारांत ती वरकड मालकाची, म्हणजे कंपनीची. म्हणून लीज घेताना सुरुवातीला मोठी रक्कम भरू नये असे जाणकार सांगतात. हप्ता शे-पाऊणशे डॉलरने जास्त आलेला परवडतो. ती काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, “हे त्या माणसाने सांगायला नको होतं का?” त्याने सांगितले असते तर मला आश्चर्य वाटले असते.

संरक्षणाची किंमत

भाच्याच्या विमा कंपनीकडेही अशी सोय होती, हे त्याला नंतर कळले. बऱ्याच कंपन्या गाडीच्या पॉलिसीतच कर्ज किंवा लीज फेडण्याचे कलम जोडून देतात आणि त्याचा दर महिन्याला काही डॉलर इतकाच असतो. नको झाले की काढून टाकता येते. डीलरकडचे ९०० कर्जात मिसळल्यावर त्यावर ६.९ टक्क्यांनी सहा वर्षे व्याजही बसते. अर्थात स्वस्त कलमालाही कुंपण असते. प्रोग्रेसिव्ह या विमा कंपनीचे हे कलम, उदाहरणार्थ, गाडीच्या बाजारकिमतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि मागून आणलेली शिल्लक तिथेही सहसा बसत नाही.

डीलरकडच्या किमतीत मोठा वाटा विक्रेत्याचा असतो, हे गुपित नाही. ब्रिटनमध्ये वित्तीय नियामक एफसीएने तपासले तेव्हा ग्राहकांनी गॅपसाठी भरलेल्या रकमेपैकी फक्त ६ टक्के रक्कम दाव्यांपोटी परत जात असल्याचे आणि काही कंपन्या ७० टक्क्यांपर्यंत कमिशन देत असल्याचे आढळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या अनेक विमा कंपन्यांनी नियामकाच्या सांगण्यावरून विक्रीच थांबवली. अमेरिकेत हे राज्याराज्यांवर आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून गॅप वेव्हरची किंमत कर्जाऊ रकमेच्या ४ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये देशभरासाठी एक नियम काढला होता, ज्यात गाडीच्या सौद्याला ग्राहकाला काहीच फायदा नसलेली गॅपसारखी जोड-उत्पादने लावून विकायला मनाई होती. तो लागू होण्याआधीच जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना करता येते. कर्ज मुदतीआधी फिटले किंवा गाडी विकली, तर गॅपचा न वापरलेला भाग परत मागता येतो; अनेकदा तो आपोआप येत नाही, मागावा लागतो. भाच्याच्या जुन्या गाडीवरही गॅप होते. ती बदल्यात देऊन कर्ज फिटले तेव्हा त्याने परतावा मागितलाच नव्हता, असे त्याच संध्याकाळी उघड झाले. पत्र पाठवले आहे; उत्तर अजून यायचे आहे.

२,८६९ डॉलर त्याने फेब्रुवारीत भरले आणि बँकेचे शून्य शिलकीचे पत्र आले. त्यानंतर चार महिने दोघांनी एकाच गाडीवर काढले. जूनमध्ये त्याने १९,००० डॉलरची वापरलेली गाडी घेतली, ५,००० रोख भरले, कर आणि शुल्के धरून कर्ज १५,६०० चे झाले. गाडीच्या किमतीच्या ८२ टक्के. फायनान्सच्या टेबलावरून त्याने मला फोटो पाठवला. गॅप, ७९५ डॉलर, आद्याक्षरांची चौकट रिकामी. खाली त्याने विचारले होते, “मामा, यात कमाल प्रमाण १५० टक्के आहे. घेऊ का?” मी उत्तर लिहीपर्यंत दुसरा फोटो आला. चौकटीवर आडवी रेघ मारलेली होती.